सीलवरचा ‘न’

श्रावणातील दुसऱ्या सोमवारी सकाळी, चिंचणी गावच्या आमच्या चिकूवाडीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या डाव्या मागील चाकाखाली तळहाताएवढा तेलाचा डाग माझ्या दृष्टीस पडला, आणि त्याच क्षणी पुंजाराम मिस्त्रीविषयी माझ्या अंतःकरणात संशयाने घर केले.

सदर ट्रॅक्टर अठरा अश्वशक्तीचा, लहान चणीचा असून एकोणीस वर्षांपूर्वी मी तो नवा कोरा आणला होता. चिकूच्या फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात. त्यांच्या खालून एकही फांदी न मोडता जाणारे दुसरे वाहन माझ्या माहितीत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले, परंतु यंत्राच्या निगेत मी कधी हयगय केली नाही. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले, एअर क्लीनर धुतला, क्लच प्लेट दोनदा व पुढील टायर तीनदा बदलले. त्यातील बहुतेक कामे पुंजारामभाऊंच्या हातून झाली. ते मूळचे जालना जिल्ह्यातील. तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले व पुढे नोकरी सोडून त्यांनी कुंभवलीस पत्र्याची शेड टाकली. पंधरा वर्षे मी त्यांना भाऊ म्हणत आलो होतो. त्या सोमवारपासून मी त्यांना मनातल्या मनात नुसते मिस्त्री म्हणू लागलो.

कारण असे की, मागील चाकाचे ऑइल सील दोन वर्षांत तीनदा बदलूनही तेल गळतच होते. सील म्हणजे रबरी ओठ असलेली एक लोखंडी कडी. ती गिअरपेटीतील तेल चाकाकडे येऊ देत नाही. सील फुटले की तेल ब्रेकमध्ये जाते आणि ब्रेक लागत नाही. आषाढात नेमके तेच घडले. ट्रॅक्टर घसरत जाऊन विहिरीच्या कठड्यावर आदळला. कठड्यापाशी माझी पत्नी आनंदी उभी होती. तिच्यात आणि चाकात हातभर अंतर राहिले.

आमचा मुलगा ललित बोईसरला कारखान्यात नोकरीस आहे. श्रावणातला डाग पाहून तो म्हणाला, “बाबा, दसऱ्याची पूजा झाली की हा जाणार. भंगारवाल्याशी मी बोललोय.”

“मशीन वाईट नाय. हात वाईट हाय.”

“कोणाचा हात?”

“बघतो,” मी म्हणालो. दसऱ्यापर्यंत अपराधी सापडला नाही, तर माझा ट्रॅक्टर जाणार होता.

मी बारकाईने आठवू लागलो. नवीन सील बसविण्यापूर्वी पुंजाराम ते घेऊन शेडमधील पत्र्याच्या आडोशामागे जात असे व पाव तासाने परत येत असे. तेथे तो काय करीत होता? चांगले सील स्वतःकडे ठेवून घासलेले माझ्या चाकात घालीत असेल काय? म्हणजे मी पुन्हा पुन्हा त्याच्या दारात यावे! हा विचार एकदा सुचल्यावर मला दुसरे काही सुचेना. मी बोईसरच्या दुकानातून स्वतः सील आणले आणि ललितच्या शाळेतील जुन्या कंपासच्या टोकाने त्याच्या लोखंडी कडेवर बारीक ‘न’ कोरला. न म्हणजे नरहरी.

शेडमध्ये पाऊल ठेवताच पुंजाराम म्हणाला, “या नरहरीभाऊ. पुन्हा गळायला लागलं का?”

“तुमाला ठाऊकच असेल, मिस्त्री.”

त्याने पाना खाली ठेवला. “आज मिस्त्री झालो व्हय मी? बरं. बसा.”

मी सील पुढे केले. त्याने ते उजेडाकडे धरून फिरविले, अंगठा कडेवरून नेला आणि तो आडोशामागे गेला. मीही मागोमाग गेलो. तेथे एका वाडग्यात तेल होते व त्यात माझे सील बुडालेले होते.

“तेल पाजायलोय त्याला,” तो म्हणाला. “कोरडं बसवलं की ओठ फाटतो. पानी पाहिजे का?”

“नको.”

“मग इकडं काहून आलात?”

“वास आला.”

“कशाचा?”

“तेलाचा.”

“ट्रॅक्टरच्या शेडमधी अत्तराचा येत नसतो, भाऊ.”

मी ओशाळलो, पण हललो नाही. सील बसेपर्यंत मी त्याच्या हातांवरून नजर काढली नाही. त्यानंतर त्याने डिझेलने व ब्रशने सगळी गिअरपेटी घासून काढली. केवळ आसनाखालची, कुंकवाने लाल झालेली जागा तशीच सोडली. काम अपुरे टाकण्याची ही सवय मी मनात नोंदवून ठेवली.

भाद्रपदात पुन्हा डाग पडला.

त्या दिवशी मी स्वतःच जॅक लावला, चाक काढले, ड्रम काढला. आनंदी बॅटरी धरून माझ्या खांद्यावरून पाहत होती.

“काय दिसतं?”

“न.”

“न म्हंजे नाय?”

“न म्हंजे नरहरी.”

सील माझेच होते. एवढेच नव्हे, तर ‘न’ अगदी वरच्या बाजूस, शिरोरेषा सरळ आडवी येईल असा बसविलेला होता. चाक उघडणाऱ्याला तो प्रथम दिसावा, अशी ती मांडणी होती.

सर्व प्रकार कळल्यावर आनंदीने बॅटरीच विझविली. “तुमी त्या माणसाच्या कामावर खूण केली? दर दसऱ्याला आपल्याकडं सोनं घेऊन येतो तो! लाज नाय वाटली?”

वाटली. तरीसुद्धा संशय गेला नाही. त्याने जागा बदलली एवढेच. सील खरे असेल, पण आतील शाफ्टला पुंजारामने मुद्दाम ओरखडा पाडून ठेवला असेल, असे मला वाटू लागले. शाफ्टवरून मी तीनदा नख फिरविले. ओरखडा लागला नाही. तेव्हा तो नखाला न लागण्याइतका बारीक असावा, असे मी ठरविले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुंजारामला फोन केला.

“या वर्षी पूजा घरातल्या घरात हाय.”

तिकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, “बरं.”

तरी तो आला. दसऱ्याच्या सकाळी मी वाडीतली उरलेली खेप ओढून ट्रॅक्टर नुकताच अंगणात उभा केला होता. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मोटारसायकलवरून उतरून पुंजारामने आपट्याची पाने माझ्यापुढे धरली. “पूजेला नाही आलो, भाऊ. सोनं द्यायला आलो. लगेच जातो.”

ती पाने न घेणे मला शक्य नव्हते. मी घेतली आणि खिशात ठेवली.

इतक्यात आनंदीने ट्रॅक्टरचे आसन उचलले आणि हळदीकुंकवाने भिजलेले बोट खाली नेले. गिअरपेटीच्या डोक्यावर तेथे आवळ्याएवढा उंचवटा आहे. वर्षानुवर्षांच्या कुंकवाने, अक्षतांनी व धुळीने तो दगडासारखा लाल झाला होता.

“वहिनी, थांबा!” पुंजाराम ओरडला. “बोट कुठं टेकवता?”

“कपाळावर. एकोनीस वर्सं हितंच लावते. दसऱ्याला नि दर अवसेला. धुवायच्या वेळी वर पिशवी बांधते, पान्यानं जाऊ नये म्हनून.”

त्याचा चेहरा उतरला. तो जवळ आला, वाकून पाहू लागला. मग मागे सरून त्याने पायातील चपला काढल्या व पायरीपाशी ठेवल्या.

“हात लावू का, वहिनी?”

आनंदीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. तिने नमस्कार केला आणि नारळाच्या करवंटीने स्वतःच कुंकवाचे ते कवच खरवडून ताटलीत काढले. खाली लोखंडी टोपी निघाली. पुंजारामने तिला पाना लावला, अर्धा आटा फिरविला, आणि फुस्स असा लांब आवाज झाला. शेजारी पाहत उभा असलेला ललित दचकून मागे सरला. तो आवाज आम्ही पाच-सहा श्वास घेईपर्यंत चालू होता.

“हा ब्रीदर,” पुंजाराम म्हणाला. “गिअरपेटी तापली की आतली हवा फुगते, ती हितून बाहेर पडते. हितली भोकं बुजली की ती तेलाला ढकलते, अन् तेल सील फोडून ब्रेकमधी जातं. मग सील कुनाचंबी असू द्या. ‘न’चं असलं तरी.”

मी खाली पाहिले. तथापि आत काहीतरी अजून वळवळत होते, म्हणून मी विचारलेच, “मग इतक्या वेळा तुमी हे पाहिलं कसं नाय?”

“पाहिलं की. दर वेळेला पाहिलं.” त्याचा आवाज बारीक झाला. “ब्रीदर हाय हे ठाऊक होतं. भोकं मोकळी असतील असं धरून चाललो. कुंकवाला पाना कसा लावायचा, भाऊ? सगळी पेटी घासली अन् देवाची जागा तेवढी सोडली. चूक माझी हाय.”

यावरही मला शंका घेता आली असती. ती घेण्याचा सराव मला दोन महिने झालेला होता. पण पायरीपाशी त्यांच्या चपला होत्या, ऑइलने काळ्या झालेल्या, एकमेकींना लागून नीट ठेवलेल्या; आणि भर उन्हात तापलेल्या फरशीवर ते अनवाणी उभे होते.

“चूक दोघांची,” मी म्हणालो. “आत चला, भाऊ. पूजा व्हायची हाय.”

“घरातल्या घरात होती ना?”

“घरातलीच हाय. चला.”

कवचाचे तुकडे आनंदीने तुळशीच्या बुंध्याशी ठेवले व त्या वर्षीचे कुंकू पुंजारामभाऊंनी दाखविलेल्या जागी, बॉनेटवर लावले. ललितने भंगारवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी नवीन सील घेऊन कुंभवलीस गेलो. भाऊंनी ते उजेडाकडे धरून सगळ्या बाजूंनी फिरविले.

“खूण कुठाय?”

“नाय केली.”

“करा की,” ते म्हणाले आणि त्यांनी एक खिळा माझ्या हातात दिला. “तुमचा ‘न’ वर धरला की सील तिरपं जात नाही.”

मी तेथेच बसून ‘न’ कोरला. दिवाळीपर्यंत रोज सकाळी मी चाकाखाली पुठ्ठा ठेवून पाहिला. तो कोरडाच निघाला. नरकचतुर्दशीच्या दिवशी ललितनेही वाकून तो पुठ्ठा पाहिला, बोट फिरवून हुंगले, आणि भंगारवाल्याला फोन लावला.

“नाय देत,” तो म्हणाला.