मांडवाबरोबर आलेला दिवा

आमच्या ड्रेटन हाउसच्या मागच्या बोळात दिवा नव्हता. विद्यापीठाच्या आवारात पुतळ्यांवर दिवे आहेत, कारंज्यात आहेत, एका म्हाताऱ्या ओकच्या झाडाखालीही आहेत, कारण तिथे म्हणे संस्थापक बसत. आमचं घर मैदानापलीकडे, अगदी कडेला. तिथे आम्ही काळ्या मुली राहतो, आणि मी, लव्हिनिया, यंदा त्या घराची प्रमुख. म्हणजे तुंबलेलं बेसिन आणि डीनबाईंच्या भेटीगाठी, दोन्ही माझ्या गळ्यात.

वसंतात कुणीतरी बोळातून येऊन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर वीट मारली आणि भिंतीवर काळ्यांना हिणवायचा तो शब्द लिहिला. कोणता ते सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी डीन विटफर्ड यांचं पत्र साऱ्या विद्यापीठाला गेलं. काय पत्र होतं! ‘आमच्या काळ्या भगिनी’, ‘शतकांची वेदना’, काही म्हणून राहिलं नव्हतं. मग आम्हाला गोल बसवून आमच्या भावना ऐकून घेतल्या. मध्ये बिस्किटं आणि डोळे पुसायला कागदी रुमालांचा खोका. आम्ही एकच भावना सांगितली: बोळात दिवा लावा आणि रात्री एक पहारेकरी द्या. बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं, आणि विषय विचाराधीन झाला. नवी काच बसेपर्यंत उन्हाळा आला. धाकटी कोरीन, जिच्या पायाशी वीट पडली होती, ती त्यानंतर खिडकीकडे पाठ करून कधी उभी राहिली नाही.

हे सगळं मी तिर्झाला तेव्हाच सांगितलं होतं. तिर्झा मार्गोलिन पहिल्या वर्षी माझ्या खोलीत होती, आता ज्यू मुलांच्या मंडळाचा कारभार ती बघते. ती म्हणाली होती, "अगं, वेंधळे आहेत ते. कागद हरवतात, दुसरं काही नाही. तू उगीच मनाला लावून घेतेस." दुसरं कुणी म्हणालं असतं तर सोडलं नसतं.

ऑक्टोबरात तिच्या लोकांचा मांडवाचा सण आला. सुक्का म्हणतात त्या मांडवाला. लाकडी सांगाडा, कापडाच्या भिंती, वर मक्याची ताटं नि फांद्या, आणि सण संपेपर्यंत जेवणखाण त्यातच. दरवर्षी तो मुख्य हिरवळीवर उभा राहतो. यंदा सण नुकताच लागला होता आणि एका सकाळी कापड फाडलेलं सापडलं, त्यावर काळ्या रंगात हे एवढं मोठं नाझींचं चिन्ह. मी धावत गेले. तिर्झा त्या चिन्हापुढे दोन्ही हात पसरून उभी होती, जणू कुणाला दिसू नये. मीही तिच्या शेजारी हात पसरून उभी राहिले.

दुपारच्या आत डीनबाई जातीने हजर. पाठोपाठ पहारेकरी, कॅमेरा, आणि रस्त्याच्या कामावर असतो तसला चाकांवरचा उंच दिवा. पालक विद्यापीठ बघायला येतात तो आठवडा तोंडावर आला होता. शिवाय ज्यू विद्यार्थ्यांच्या तक्रारींकडे कानाडोळा होतो म्हणून यंदा वॉशिंग्टनहून सरकारतर्फे विद्यापीठाची चौकशी चालू होती. मला मैत्रिणीसाठी बरं वाटलं आणि त्याच क्षणी माझा जळफळाटही झाला. दोन्ही खरं आहे.

तिर्झा निराळ्याच कारणाने पेटली होती. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बाईंचं पत्र वाच. ‘काही सदस्यांना अस्वस्थ करणारी घटना’! यात ज्यू हा शब्द कुठे आहे, शोधून दाखव. आणि चिन्ह कसलं होतं म्हणे? फुलाचं?"

"तुम्हाला दिवा तरी मिळाला."

"आणि तुम्हाला पत्र. बदलायचं का?"

"आत्ताच्या आत्ता."

आम्ही दोघी हसलो, पण हसू फार टिकलं नाही.

त्या सणात पाहुणे बोलावण्याला मान असतो. संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. मांडवाच्या दाराशी पहारेकरी डूली उभा होता. त्याने माझं ओळखपत्र मागितलं, उलटसुलट करून पाहिलं.

"कुणाकडे?"

"तिर्झाकडे."

"ती ओळखते तुम्हाला?"

तेवढ्यात दोन गोरी मुलं गिटार घेऊन माझ्या बाजूने सरळ आत गेली.

"त्यांना नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"ते इथलेच वाटले."

त्यातला एक परत वळला. "नाही हो, मी कॅथलिक. सूपसाठी आलोय," तो म्हणाला, आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला.

तिर्झा वाढायचा डाव हातात घेऊनच बाहेर आली. डूली म्हणाला, "मिस, मला सांगितलंय, परक्यांकडे लक्ष ठेवा." ती त्याच्याशी भांडली नाही. माझा हात धरून आत नेलं, मला वाढलं, स्वतः मात्र जेवली नाही.

"पाहुण्याला अडवायचं तर मांडव घालायचाच कशाला?" जरा वेळाने ती म्हणाली. "ऐक. आमच्यात मांडव दुसऱ्याच्या अंगणातही चालतो. बळकावलेल्या जागेत नाही चालत, मालकाची परवानगी हवी. तुमचं मागचं अंगण देशील?"

मी घरात विचारलं. ओडेट फटकन म्हणाली, "म्हणजे आता त्यांच्या वाटणीची वीटही आपल्यालाच?" कुणीच हसलं नाही, कारण बोलण्यात दम होता. मग कोरीन म्हणाली, "येऊ दे त्यांना. मागे माणसांचा आवाज तरी असेल."

त्यांच्यात सणाच्या पहिल्या-शेवटच्या दिवसांत काम वर्ज्य, मधल्या दिवसांत असलं काम चालतं. मांडव सुटा करून, फळ्या खांद्यावर घेऊन आम्ही सगळे मैदान ओलांडून आलो. फाटकं कापड तिर्झाने बदललं नाही, चिन्हावर नुसता एक तुकडा शिवला. आणि मागून खडखडत दिवा आला. बाईंच्या हुकमात ‘मांडवाचं संरक्षण’ असे शब्द होते, तेव्हा मांडव जाईल तिथे दिवा, आणि दिवा जाईल तिथे डूली. आता अंगण माझं म्हटल्यावर तो मलाच विचारायचा, "मिस लव्हिनिया, यांना सोडू का?" सूपवाल्या पोराला मी दोनदा ओळखपत्र काढायला लावलं. तेवढी मजा कोण सोडेल?

बोळ लख्ख दिसायचा. मुली बाहेर बसून अभ्यास करायच्या. एकदा मी आत गेले तर कोरीन खिडकीकडे पाठ करून भांडी घासत होती. मी फडकं घेऊन तिने घासलेली भांडी पुसायला लागले.

सण संपला. तिर्झाने मांडव उतरवू दिला नाही. म्हणाली, "मी तो तुला भेट दिला. मांडव आहे तोवर दिवा आहे. बघ कशी युक्ती!"

"चालायची नाही," मी म्हटलं.

"का नाही चालणार? वेंधळे आहेत ते, दिवा इथे आहे हेही विसरतील."

सकाळी दिवा न्यायला गाडी आली आणि गाडीबरोबर डीनबाई.

"सण संपला ना?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"संपला," तिर्झा म्हणाली. "पण मांडव आहे. आता तो लव्हिनियाचा."

"म्हणजे तुमच्या मंडळाचा राहिला नाही?"

"नाही. या घराचा."

बाईंनी मांडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग याचा अर्ज नव्याने करावा लागेल. या घरातर्फे."

"या घराचा अर्ज वसंतापासून तुमच्याकडे आहे," मी म्हटलं.

"हो, तो विचाराधीन आहे."

तोच मांडव, तेच शिवलेलं कापड, तोच बोळ. मला नवल वाटलं नाही. मी तिर्झाकडे पाहत होते. गाडीवाल्याने साखळी लावली आणि दिवा ओढत नेला. डूली मला सलाम करून गेला.

तिर्झा मागच्या पायरीवर बसली. "वेंधळे नाहीत गं ते," ती म्हणाली.

"नाहीत."

"तू मला वसंतातच सांगितलं होतंस."

"हो."

मग तिने फोन काढून विद्यापीठाच्या तक्रारीच्या कचेरीला लावला. "मी तिर्झा मार्गोलिन. मी दर शुक्रवारी ड्रेटन हाउसला जेवते आणि मागच्या बोळात मला भीती वाटते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने डोळे मिटले. "हो, ज्यू आहे. हो, लिहा तसं. पत्रात नाही लिहिलंत, इथे तरी लिहा."

शुक्रवारच्या आत खांब आला. चाकांवरचा नाही, चांगला जमिनीत पुरलेला, काँक्रीट ओतून. कामगारांकडच्या चिठ्ठीवर कारण म्हणून तिचं नाव होतं. माझ्या घरातल्या एकाही मुलीचं नव्हतं.

संध्याकाळी त्यावरचा दिवा लागला तेव्हा आम्ही दोघी पायरीवरच होतो. आत मुलींनी टाळ्या पिटल्या.

"चिडलीस?" तिर्झाने विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"थोडी तुझ्यावरही."

"काढून न्यायला सांगू?"

"हात तर लावून बघ," मी म्हटलं.