पाय न बुडवता उतरलेलं विष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे सगळे पाय ठेवायलाच आले होते. साथीचा ताप येऊन गेला होता, पण जाताना सामान मागे ठेवून गेला होता. कुणाला जिना चढवेना, कुणाला वास येईना, कुणाला साधे शब्द आठवेनात. टबबाबा अशांचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात ठेवायचे, विजेच्या तारेला जोडलेली डबी त्यात सोडायचे आणि बघता बघता पाणी तपकिरी!

"हाडांत मुरलेला ताप निघतोय, बघा!"

त्याच तापानं गळालेले, नववीला रसायनशास्त्र शिकवणारे सर आज डॉक्टर बहिणीला मुद्दाम घेऊन आले होते. "ताई, तू नुसतं 'दमायच्या आत थांब' म्हणतेस. इथून गेलं की दुसऱ्या दिवशी मी गठ्ठाभर पेपर तपासतो."

"आणि मग?"

"मग आठवडाभर आडवा. पण तो एक दिवस बघ ना!"

सर खुर्चीत बसले. सेवकानं पाण्यात मीठ टाकून बटण दाबलं. शेजारचे निवृत्त पोस्टमन कौतुकानं सांगत होते, "बाबांनी माझ्या हृदयाच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या." सरांनी विद्वानासारखी मान डोलावली.

"मास्तर, केवढं हे विष!" बाबा गरजले. "तळव्यांतून कसं धो धो येतंय!"

लोकांनी हात जोडले. सरांनीही जोडले.

"अरे," ताई म्हणाली, "तुझे पाय कुठेयत?"

सरांनी खाली पाहिलं. पाय फरशीवर, मोज्यांसकट, कोरडे ठणठणीत. डोक्यातल्या धुक्यात ते पाय बुडवायलाच विसरले होते.

"आमची शक्ती मोज्यांतूनही ओढते!" बाबांनी सावरून घेतलं.

"मग आपण सगळेच लांब होऊ," म्हणत ताईनं दुसऱ्या टबात ताजं पाणी आणि मीठ घातलं, डबी सोडून बटण दाबलं. जवळ कुणी नसताना तेही पाणी तपकिरी झालं. बाबा घाम पुसू लागले.

आता सरांना बोलणं भाग होतं. "डबीत लोखंडी पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. हे मी... दरवर्षी फळ्यावर शिकवतो."

"सर, पेपरात आलं असतं तर तुम्हाला किती मार्क?" मागून कुणीतरी विचारलं. सगळ्यांत मोठ्यानं सरच हसले.

"पण बरं वाटतं, ते?" एका बाईंचा आवाज रडवेला झाला.

ताई त्यांच्याजवळ गेली. "तुमचा त्रास खरा आहे, बाई. टब खोटा आहे. हे दुखणं चढतं-उतरतं. माणूस इथं येतो तो पार गळाल्यावर; पुढे थोडं वर येणारच. श्रेय टबाला! मग बऱ्या दिवशी सगळी कामं उपसायची आणि पुन्हा कोसळायचं."

सरांना गठ्ठाभर पेपर आठवले.

एवढ्यात पोस्टमननी छाती धरली. ताईनं त्यांना सावरलं; सरांनी धावत जाऊन रिक्षा आणली, दम लागून जिन्यावर स्वतःच दोनदा बसले. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

शाळेत नववीच्या पुढच्या तासाला सर खुर्चीवर बसूनच शिकवत होते. "पोरांनो, कुणी चमत्कार दाखवला तर तो तुमच्याविना होतो का, ते आधी बघा. आणि आजारपणात डोकं चालेनासं झालं, तर भरवशाच्या माणसाचं उसनं मागा. त्यात लाज नाही. मी मागितलं असतं, तर मोजे घालून हात जोडून बसलो नसतो."