लोसालिनेला पुन्हा हसू फुटलं

मी आत्या. आमच्या बेटांवरची रीतच अशी, की भावाच्या पोरांवर माझा शब्द चालतो, भावाचा नाही.

लोसालिने त्याची थोरली. राजधानीत, नुकुअलोफात, शाळेत गणित शिकवायची. तिथेच 'आइस' म्हणतात ते नशेचे खडे ओढायला लागली आणि दोन वर्षांत नोकरी गेली, झोप गेली, पुढचे चार दात गेले. भाऊ तिला घराबाहेर काढायला निघाला, तेव्हा मी बोटीने जाऊन म्हटलं, "हिला मी नेतेय." तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एउआ बेटावर, माझ्या घरी.

पहिले पंधरा दिवस ती नुसती झोपली आणि जेवली. मला वाटलं, सुटली. खरं दुखणं पुढेच होतं. रविवारी अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून मटण भाजलं, तर म्हणाली, "आत्या, पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय." सगळं गाव चर्चमध्ये गायचं, ही भिंतीकडे बघत बसायची.

मी तिला दवाखान्यातल्या तेलेसिया नर्सकडे नेलं. तेलेसिया म्हणाली, "मेंदूत डोपामाइन असतं. चांगलं काही घडलं की ते थोडंसं सुटतं. आइसने ते धो धो ओतलं. एवढा मारा सोसेना, म्हणून मेंदूने ते टिपणारी दारं बंद करून घेतली. आता थोडक्याने त्याला काही जाणवत नाही."

"उघडतील?" लोसालिनेने विचारलं.

"बरीचशी. वर्ष, दीड वर्ष धर. तोवर गोड लागो न लागो, जेव, झोप, माणसांत बस."

मी तिला आम्हा बायकांत झाडाची साल बडवून कापड करायला बसवलं. कापडाच्या काठावर लांबी मोजायचे आकडे घालायचं काम तिच्याकडे दिलं. गणिताची मास्तरीण, पण अठरानंतर वीस लिहायची.

"मास्तरीणबाई, एकोणीस ओहोटीला गेला काय?" मालिया म्हातारी म्हणाली. लोसालिने उठून गेली, पण दुसऱ्या दिवशी आली.

सातव्या महिन्यात ती नुकुअलोफाला गेली आणि पुन्हा ओढून आली. स्वतःहून बोटीतून उतरली, स्वतःहून मला सांगितलं. मी म्हटलं, "जेवलीस का?" तेलेसिया म्हणाली, आता वेळ जास्त लागेल, पण सगळं वाया गेलं नाही.

पुढे पुन्हा वर्ष गेलं. एका सकाळी बडवता बडवता मालियाची कवळी निसटून कापडावर पडली. लोसालिने शांतपणे म्हणाली, "मालिया, नको असेल तर मला दे." आणि हसायला लागली. खोटं नाही, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलं. "आत्या, आतून आलं."

त्या दुपारी तिने जेवणात दोनदा मागून घेतलं.

अजून माणसांची नावं विसरते. पण यंदा गावातल्या शाळेने तिला गणिताला घेतलं आणि तेलेसियाने दवाखान्यात असंच व्यसन लागलेल्यांच्या घरच्यांसमोर बोलायला उभं केलं. सगळं सांगितलं तिने, सातवा महिनासुद्धा. मागून एक बाई पुटपुटली, "एवढं चारचौघांत सांगायचं?"

माझा भाऊ नुकुअलोफाहून आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. तो उभा राहिला. "ती माझी मुलगी आहे," म्हणाला. "ती सांगतेय. ऐका."

मी मान ताठ करून ऐकत राहिले.