खोली पाहिजे

गौरांग जर्मनीत आखनला शिकायला आला आणि ‘चार दिवस’ म्हणत माझ्या सोफ्यावर रुजला. शेवटी इमारतीची देखरेख करणाऱ्या हाउसमाइस्टरने मला जिन्यात गाठलं. पाहुणा रविवारपर्यंत, पुढे तो पाहुणा नाही, नियमभंग.

म्हणून गौरांगने इथल्या मराठी मंडळींच्या फोरमवर अलर्ट लावला. पद्धत सोपी. एक शब्द द्यायचा. तो कोणीही, कुठेही लिहिला की तुमचा फोन टिंग करतो. फोन अर्थ बघत नाही, अक्षरं जुळली की वाजतो. म्हणजे फोरमवरच्या इतर सदस्यांसारखाच. गौरांगने शब्द दिला, ‘खोली’.

टिंग. ‘आजच्या पिढीच्या विचारांना खोली नाही.’ मोहनकाका.

टिंग. ‘दुःखाला खोली असते, रुंदी नसते.’ पुन्हा मोहनकाका. निवृत्त माणूस, वेळ बक्कळ.

“एवढी खोली आहे यांच्याकडे,” गौरांग म्हणाला, “आणि राहायला एक नाही.”

“अरे, मग ‘रूम’ टाक की.”

“टाकला होता. मशरूमची भाजी आली.”

शुक्रवारी पुन्हा टिंग. विभावरीताई. या बाई फोडणीची कृतीसुद्धा ओळी तोडून लिहितात आणि खाली लोक हात जोडतात.

‘माझ्याकडे एक खोली आहे.
रिकामी.
खिडकीत फक्त आभाळ.
येईल का कोणी?’

गौरांगचं डोकं फिरलं.

“आधी विचारून तरी बघ,” मी म्हटलं.

“कवितेला काय विचारायचं? डिपॉझिट?”

आणि त्याने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ताई, खोली कुठेच दिसली नाही. उथळ आहे.’

शनिवारी ताईंचं उत्तर टिंगलं. ‘दिसेल कशी? तू बघायला आलास कुठे? खोलीची जाहिरात होती रे ती. ईप्सिताला दिली. किती गोड लिहिलं तिने, “वा ताई, आत शिरून तिथेच राहावंसं वाटलं!”’

रविवारी आम्ही दोघं ईप्सिताचं कपाट ताईंकडे तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. गौरांगची बॅग खाली त्याच गाडीत होती. ती कुठे उतरवायची हे ठरायचं होतं.

“मलाही कविताच वाटली,” ईप्सिता मागून सांगत होती. “काही कळली नाही, म्हणून वा म्हटलं.”