अर्ध्या किलोचा चाप

“थांब. परत ओढ. हळू.”

नीलाबाईंनी कान पुढं केला. दुकानामागच्या खोलीत गुळाच्या ढेपांना पाठ लावून त्यांची सून महानंदा उभी होती. हात सरळ लांबवलेला, हातात रिकामं पिस्तूल, नजर भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर. तिनं चाप ओढला. आधी सैल आला, मग अडला, मग किरकिरत घसरला आणि कसाबसा सुटला.

“हे नवं हाय व्हय?” नीलाबाई म्हणाल्या. “ह्याच्यापरीस आपल्या कोठीची कडी बरी. कोन्या शहाण्यानं धाडलं?”

“संघानं धाडलंय, आत्याबाई. क्लबातले सर म्हनतेत, वापरून वापरून बसंल.”

“तवर सामना हून जाईल. दे हिकडं.”

पिस्तूल हवेच्या दाबाचं, छर्ऱ्याचं. जिल्ह्याच्या नेमबाजी संघानं ते पाटोद्याच्या क्लबाला तात्पुरतं दिलं होतं. महिनाअखेर बीडला निवड होती. जी बाई विभागासाठी निवडली जाईल, तिच्या गावी पिस्तूल राहणार. बाकीच्यांनी पुन्हा क्लबातली जुनी, हवा गळणारी दांडकी घेऊन बसायचं. आणि खरं सांगायचं तर त्या जुन्या पिस्तुलांवर महानंदाची प्रगती कधीच खुंटली होती.

तिच्यापाशी दुसरं काही राहिलंही नव्हतं. बायकांच्या सहकारी दूध संस्थेत ती दूध तपासायची. दोन सालं पाऊस फिरकला नाही, गुरं छावणीला गेली, दुधाच्या कॅना पालथ्या पडल्या आणि संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. चौतिशीतली बाई संध्याकाळी पोरीसोरींच्यात जाऊन नेम धरते म्हणून गल्ली हसायची. सुरुवातीला नीलाबाईही हसल्या होत्या. हसल्या कसल्या, चांगलं टाकून बोलल्या होत्या. मग एकदा क्लबाच्या खिडकीतून त्यांनी सुनेला पाहिलं. छर्रा सुटला तरी ही बाई हललीच नाही. श्वास टाकला तोही नंतर. घरात धा माणसांच्या हाका झेलणारी ही, तिथं एकटी कशी उभी राहते, याचंच नवल करत नीलाबाई घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी आपल्याकडं घेतला. कावून, ते कुणाला सांगितलं नाही.

आता त्यांनी स्वतः चाप ओढून पाहिला. जन्म तागडी धरण्यात गेलेला. बोटाला काटा कळायचा.

“ह्यात कायतरी चिकटलंय, महानंदे.”

“मला बी तसंच वाटतंय.”

महानंदानं सरांची परवानगी काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पिस्तूल उघडलं. कारखान्यातून आलेलं घट्ट वंगण आणि पाटोद्याची धूळ, दोन्हींचा मिळून काळा लगदा झाला होता. दूध तपासायच्या काचेच्या नळ्या पुसायची तशीच ती एकेक बारीक भाग पुसत गेली. पातळ तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घेऊन लावला. मधेच एखादा छर्रा फुसका जायचा, त्याचंही मूळ तिनं हुडकलं: हवा कोंडून धरणारं रबरी कडं एका बाजूनं दबलं होतं. सरांकडून नवं आणून बसवलं.

नीलाबाईंचा मुलगा, महानंदाचा नवरा अण्णाराव दारात येऊन म्हणाला, “माय, गिऱ्हाईक खोळंबलंय. तुमचं दोघींचं काय बंदुकीचं दुकान टाकायचं चाललंय का?”

“टाकलं तर पैला तुलाच उडवीन. साखर तोल जा.”

मग आला चापाच्या वजनाचा प्रश्न. नियम असा की पिस्तूल उभं धरून चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगायचं आणि पिस्तुलासकट ते वर उचलायचं. चाप सुटला तर पिस्तूल बाद. म्हणजे चाप हलका हवा, पण अर्ध्या किलोच्या खाली नको. महानंदानं दुकानातलं लोखंडी वजन आणलं, सरकारी शिक्क्याचं.

“ठेव ते,” नीलाबाई म्हणाल्या. “शिक्के मारणारे कसे मारतेत ते मला नको सांगू.”

त्यांनी देवघरातून अर्ध्या किलोचं पितळी वजन आणलं. शेर जाऊन किलोचं माप आलं तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी लातूरहून आणलेलं. ते धंद्याला वापरायचे नाहीत. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून नीलाबाई ते स्वतःच्या हातानं घासायच्या, लिंगापुढं ठेवायच्या, भस्म लावायच्या. सोन्यासारखं लखलखायचं.

“ह्याच्यापरीस खरं वजन तालुक्यात न्हाई.”

महानंदानं दोरी बांधली. स्क्रू नखभर फिरवायची, वजन उचलायची, पुन्हा फिरवायची. शेवटी चाप त्या वजनाला जेमतेम तोलून राहिला.

“थोडा जड ठिवते, आत्याबाई. आसू द्या जरा हातचा.”

“कावून? तोललं म्हंजी तोललं. झुकतं माप गिऱ्हाइकाला द्यावं, नेमाला न्हाई.”

महानंदानं स्क्रू होता तिथंच ठेवला. नंतर तिनं चाप ओढला तेव्हा आवाज आला तो फक्त ‘टक’. किरकिर नाही, घसरण नाही. ती हसली. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अशी हसलेली नव्हती.

निवडीच्या दिवशी नीलाबाई बरोबर गेल्या. सांगितलं असं की दुकानाचा माल बघायचाय. पितळी वजन पिशवीत घातलं होतंच.

तपासणीच्या टेबलापाशी एक पंचबाई होत्या. त्यांनी संघाचं वजन चापाला लावलं आणि उचललं. टक. पुन्हा लावलं. टक. तिसऱ्यांदाही टक.

“बाद,” पंचबाई म्हणाल्या. “तुमची फेरी सुरू व्हायच्या आत दुरुस्त करून आणा.”

“बाद कसं?” नीलाबाई पुढं सरसावल्या. “तुमचं वजनच खोटं आसंल. आमच्या तीन पिढ्या तोलन्यात गेल्यात, बाई. हे बघा खरं वजन. ठिवा काट्यावर!”

मागं रांगेतल्या पोरी हसल्या. पंचबाईंनी शांतपणे आपलं वजन काट्यावर ठेवलं. पाचशे. मग पितळी ठेवलं. काटा पाचशेला पोचला नाही. थोडक्यात राहिला, पण राहिला.

नीलाबाईंनी ते उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

इतक्या वर्षांची चिंच आणि राख. त्यांच्याच हातानं, भक्तिभावानं, दर दिवाळीला थोडं थोडं पितळ मोरीत वाहून गेलं होतं. नीलाबाईंनी वजन पदरानं झाकून पिशवीत सारलं. रांगेतली एक पोर म्हणाली, “आज्जीचं दुकान कुठं हाय गं? जपून जावं लागंल.”

“चूक माझी हाय,” महानंदा मोठ्यानं म्हणाली. “दुकानात शिक्क्याचं वजन होतं. म्या ते लावून बघायला पायजे होतं. दुकानाला बोट लावायचं काम न्हाई.”

सासूकडं तिनं पाहिलंही नाही. रागानं न पाहणं वेगळं असतं, आणि माणसाला सावरायला वेळ द्यावा म्हणून न पाहणं वेगळं. नीलाबाईंना दोन्ही ठाऊक होती. आयुष्यभर त्यांनी पहिलंच वापरलं होतं.

महानंदानं कोपऱ्यात बसून स्क्रू फिरवला. वजन आता उचललं गेलं. पण चाप बदलला होता. ज्या जागी तिच्या बोटाला सुटण्याची सवय होती, तिथं तो सुटत नव्हता. सरावाला वेळ नव्हता. तिनं कॅनव्हासचे बूट आवळले आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

सुरुवातीचे छर्रे भरकटले. नीलाबाईंनी पदराचा बोळा मुठीत धरला. मग महानंदानं हात खाली घेतला, डोळे मिटले, बोट चापाबाहेर सरळ ठेवून नुसती उभी राहिली. आजूबाजूला धाडधाड चाललेलं. ही आपली उभी. नीलाबाईंना वाटलं, ओरडून सांगावं, अगं मार की! पण त्या पहिल्यांदाच ओरडल्या नाहीत.

हात पुन्हा वर गेला. त्यानंतर एकही छर्रा फुसका गेला नाही, एकही वाकडा गेला नाही. शेवटी शेवटी बाजूच्या लेनवाल्याही मान वळवून तिच्या पुठ्ठ्याकडं बघायला लागल्या.

निवड एकीचीच होती. नांदूरघाटच्या शिवकन्येची झाली. दुसरं नाव महानंदाचं होतं.

शिवकन्या पिस्तूल घ्यायला आली तेव्हा महानंदा ते फडक्यावर ठेवून पुसत होती. नळी, पकड, चाप. सगळं पुसून तिनं रबरी कड्यावर बोट फिरवून बघितलं.

“धुळीत ठिवू नको, माय. तेल एकच थेंब, जास्त न्हाई. आता ओढून बघ.”

शिवकन्येनं भिंतीकडं तोंड करून ओढला. तिचे डोळे मोठे झाले. “ताई, किती मऊ हाय हो!”

“मऊ न्हाई,” महानंदा म्हणाली. “सरळ हाय. तू घाई केलीस तर लगेच सांगतंय.”

मग तिनं पायांतले बूट सोडले. तेही क्लबाचे होते. ते जोडीनं सरांच्या पिशवीत घातले आणि अनवाणी उभी राहून ती शिवकन्येला पकड कशी धरायची ते दाखवत राहिली.

नीलाबाई बाहेर गेल्या. दारापाशी चपलांचा ढीग पडला होता. गुडघ्यावर हात टेकून त्या वाकल्या, महानंदाच्या चपला शोधल्या, पदरानं त्यांच्यावरची धूळ झटकली आणि उंबऱ्यापाशी, ती आल्याबरोबर पाय घालता यावा अशा, सरळ लावून ठेवल्या.