मोहाखालचा ढीग

हायकिंग म्हणे! ज्या वाटेनं आमच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन रोज चालतात, त्याच वाटेनं नागपूरचा बाबू रविवारी पाठीवर पिशवी टाकून चालला, की त्याचं हायकिंग होतं. चौऱ्यांशी सालच्या जानेवारीत मनसाराम असाच निघाला. सोबत हापिसातला देवराव. शनिवारी एसटीनं दोघं सिंदेवाहीला उतरले, पुढच्या खेड्यात देवरावाच्या ओळखीच्या लहानूभाऊंकडे मुक्काम केला, आणि सकाळी जुन्या, उठून गेलेल्या गावाच्या कुरणाकडे चालू लागले.

देवरावाला नुसतं फिरायचं होतं. मनसारामचं काम वेगळं होतं, पण लाजेपायी त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं. लहानूभाऊंनाही नाही.

बावीस वर्षांपूर्वी त्याच कुरणातून त्याच्या बापाला, इस्तारीला, वाघानं नेलं होतं. मागं राहिलं ते डोक्याचं फडकं. मनसाराम तेव्हा दोन वर्षांचा. त्याची माय मनकर्णाबाई त्याला कडेवर घेऊन नागपूरला आली आणि लोकांची धुणीभांडी करून तिनं त्याला बी.ए. केलं. एवढ्या वर्षांत लेकाजवळ तिनं मागितलं ते एकच. कुरणात एकटं मोहाचं झाड आहे, त्याखाली तुह्या बापाचा ढीग आहे, त्यावर त्याची तुतारी ठेवून ये. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. ती घरात दाराआड उभी असे. मनसाराम दरवर्षी टाळायचा. घरात बुद्धाची तसबीर, आणि आपण काय रानात काठ्या ठेवत फिरायचं? पण या हिवाळ्यात मायनं अंथरूण धरलं, उठून बसणंही होईना, आणि नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नाही.

ढीग कशाचा, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तिच्या गावात ते कोणी सांगत नसे, कारण ज्याला ठाऊक नाही असा माणूसच तिथे नव्हता. मनसारामनं आपला दगडांचा धरला.

मोह सापडला. दगड काही सापडेनात. बुडाशी वाळल्या काड्यांची कमरेएवढी रास तेवढी होती, कोण्या मोळीवाल्यानं रचून ठेवलेली असावी. देवरावाला चहाची तल्लफ आली. कुरणात दुसरं सरपण औषधालाही नव्हतं. मनसारामनंच काड्या मोडून चूल पेटवली, आणि थंडी होती म्हणून उरलेली सगळी रास शेकोटीत घातली. ती भसाभस पेटली. धूर म्हणून निघाला नाही.

वारा पडलेला होता. तरी मोहापासून गवतात एक रेघ उघडत गेली, माणूस चालत जावा तशी, सडकेच्या दिशेनं. देवराव म्हणाला, रानडुक्कर असेल. मनसारामही हो म्हणाला, पण हातातला चहा त्याला पिववेना.

दुपारी लहानूभाऊ शिदोरी घेऊन आले. राख पाहिली आणि शिदोरी तशीच खाली ठेवली.

"वाघानं नेला मानूस निजत नाई," ते म्हणाले. "येनारा-जानारा एक काडी टाकते, तवा तो दबून राह्यते. बावीस वर्षं गाव त्या इस्तारीवर काड्या टाकून राह्यलं, बाबू. तुमी च्या पेले."

आता काय होईल, मनसारामनं विचारलं.

"आता तो घरी जाईन. अन् एकटा नाई परतनार. आपलं मानूस संग घेऊनच येईन. त्याची बायको नागपुराले हाय म्हनतात."

"ते माही माय हाय," मनसाराम म्हणाला.

लहानूभाऊ त्याला एक शब्द वाईट बोलले नाहीत. पिशवीला बांधलेली तुतारी काढून राखेवर ठेवायला लावली, आणि तिघंही काड्या आणायला अर्ध्या कोसावरच्या जंगलाकडे धावले. मनसाराम रडत होता आणि काड्या मोडत होता. भारे घेऊन परत आले, तर राख तशीच होती. वर तुतारी नव्हती. कुरणात दुसरं माणूस नव्हतं. त्यांनी नवा ढीग रचला खरा, पण लहानूभाऊंनी काही त्याला हात जोडले नाहीत.

या सगळ्यात गाडी चुकली. सोमवारी दुपारी मनसाराम घरी पोचला, तेव्हा दार सताड उघडं होतं.

माय उठलेली होती. न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून चुलीशी बसली होती. गालांवर रंग होता. दोन महिन्यांत तिला असं पाहिलं नव्हतं म्हणून एक क्षण त्याला आनंदच झाला. मग त्याला तिच्याजवळचं लहानसं गाठोडं दिसलं, आणि दाराआड नेहमीच्या जागी उभी असलेली तुतारी. तिचं टोक राखेनं माखलं होतं.

त्यानं मागं वळून दार लोटलं, कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला.

"कडी कायले लावतं रे बापू?" माय हसून म्हणाली. "बाहेर कोनी नाई आता."

तिनं तीन ताटं मांडली होती. भात पहिल्यांदा मधल्या ताटात वाढला.

"आंग धुऊन ये," ती म्हणाली. "आमाले जेवून निघा लागते."