मॅडमचा डावा हातमोजा

काउंटर ४११२

बोटीचा कठडा. मॅडमचा हिरवा झगा, दोन्ही हातांत कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. समोर करड्या कोटातला तो. चेहरे जवळ येतात, अजून जवळ,

काउंटर ४११३

मॅडम एकटीच बोटीच्या शिडीवरून उतरते आहे. डावा हात उघडा.

व्हीसीआरच्या काउंटरवर एक आकडा सरकतो, तेवढ्यात मधलं कापलेलं. १९९१ साली आखातातल्या रुवैसच्या कॉलनीत विभावरीने टीव्हीवरून टेप केलेला हा जुना हॉलिवूडचा सिनेमा. चुंबन आलं की कात्री, हे तिथे लहान मुलांनाही माहीत होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण हातमोजा गेला कुठे?

रेकॉर्डचं बटण दहा मिनिटं उशिरा दाबलं होतं. त्यामुळे सिनेमाचं नाव नाही, नटीचं नाही. मॅडम, बस्.

काउंटर ४११३, पुन्हा

"दिला तिने त्याला," विभावरी म्हणायची. "परत करायला तरी यावं त्याने म्हणून."

"कसला देते! त्या मोज्यानेच त्याच्या थोबाडीत हाणली आणि फेकला समुद्रात," शेजारच्या बिलकीस भाभी म्हणायच्या. त्या कोकणातल्या केळशीच्या, विभावरीहून दहा वर्षांनी मोठ्या. "उतरताना तिची मान बघ. अशी ताठ मान कुणाला तरी हाणून आलेल्या बाईचीच असते."

"तुम्हाला बरं ठाऊक."

"आमच्या ह्यांना विचार."

शुक्रवारची बिर्याणी झाली की टेप लागायची. त्या जागी ती इतकी मागेपुढे झाली की मॅडमच्या गळ्यावरून पांढऱ्या रेघा धावू लागल्या. एका शुक्रवारी पैज लागली: गल्फ सुटल्यावर, जी हरेल तिने जिंकणारीच्या गावी जायचं, आठ दिवस राहायचं. तेव्हा गल्फ सुटणं फार लांब होतं.

काउंटर नाही

मार्च २००९. विभावरीचा नवरा दत्तप्रसाद दुपारी दोनलाच घरी आला, बूट न काढता दारात उभा राहिला, तोंड उघडलं,

विभावरी माळ्यावरून खोकी काढते आहे.

मधलं असं: "प्रोजेक्ट खलास, विभा. लिस्टमध्ये मी पण आहे. तीस दिवसांत देश सोडायचा." त्या महिन्यात कॉलनीतल्या बऱ्याच दारांत हेच बोललं गेलं.

पुण्याचं तिला भय नव्हतं. कोथरूडला फ्लॅट होता. पण गेलेली कुटुंबं तिने पाहिली होती. भेटू या, इन्शाल्ला, म्हणायची आणि दोन दिवाळ्यांत फोन थांबायचा. नुसतं "या कधीतरी" म्हटल्यावर कोण येतं? बिलकीस भाभी मागे राहणार होत्या. त्यांनी कोथरूडला यावं किंवा आपण केळशीला जावं, याला एकच पक्कं कारण होतं, ती पैज, आणि तिचा निकाल लागायचा होता.

तिने अबुधाबीला नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला.

"आभा, तो सिनेमा शोध. पूर्ण."

"आई, आय डोन्ट इव्हन नो द नेम."

"हिरवा झगा लिही. बोट लिही. हातमोजा लिही."

"यू आर पॅकिंग अ हाऊस अँड यू वॉन्ट अ ग्लव्ह?"

"हो."

आभाने कुठल्या कुठल्या साइटवर अनोळखी लोकांना गोष्ट सांगितली. पंचविसाव्या दिवशी, शुक्रवारी, ती बसने डीव्हीडी घेऊन आली. नाव कळलं, नटीचंही कळलं. विभावरीने आणि भाभींनी ऐकलं आणि सोडून दिलं. मॅडम ती मॅडमच.

न कापलेलं

कार्गोवाले चार वाजता येणार होते. घरात टीव्हीच तेवढा उघडा राहिला होता. दोघी खोक्यांवर बसल्या. दत्तप्रसाद चहाचे कप घेऊन मागे उभा राहिला. पहिली दहा मिनिटं त्यांनी परक्या घरी आल्यासारखी पाहिली. मग ओळखीचं सुरू झालं. मग बोट.

"आली, आली," बिलकीस भाभी म्हणाल्या.

चेहरे जवळ आले. अजून जवळ. आणि थांबले नाहीत. चुंबन झालं. आभाने घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद.

"एवढंच?" बिलकीस भाभी म्हणाल्या.

"हात बघा, भाभी, हात!"

मॅडमचे दोन्ही हात त्याच्या खांद्यावर होते. दोन्हींत हातमोजे. लगेच पुढचं दृश्य: शिडी, मान, उघडा डावा हात.

मध्ये काहीच नव्हतं.

"मागे घे," विभावरी म्हणाली.

आभाने मागे घेतलं. मग एकेक चित्र थांबवून दाखवलं. हातमोजा आहे. आहे. आहे. नाही.

"इट्स अ मिस्टेक, आई. शूटिंग वेगळ्या दिवशी केलं असणार. घालायला विसरली."

"कोण, मॅडम?" विभावरीचा विश्वास बसेना.

बिलकीस भाभींनी पडद्याकडे बोट केलं. "अठरा वर्षं मी त्या कापणाऱ्याला शिव्या दिल्या. त्या बिचाऱ्याने एक मुका नेला. मोज्याला त्याने हातही लावला नाही."

आधी हसला तो दत्तप्रसाद. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा. चहा खोक्यावर सांडला.

विभावरी हसली नाही. "मग पैज?"

"तू हरलीस."

"तुम्ही पण हरलात."

"मी पण हरले," भाभींनी मान्य केलं. "म्हणजे तुला केळशीला यायला लागणार."

"आणि तुम्हाला कोथरूडला. आठ दिवस."

"एकाच वेळी निघालो तर? तू माझ्या कुलपासमोर, मी तुझ्या!"

"म्हणून आधी तुम्ही यायचं. मी तिथे असणार."

"मी का आधी? मोठी मी आहे. आणि केळशीला घर आहे, शेजारीच सून राहते. मी इथे असले म्हणून काय झालं? तू उतर, ती चावी देईल."

"तुम्ही नसताना मी तिथे काय करू?"

"वाट बघ. मी सुट्टीवर येते ना मे महिन्यात."

"कितीला?"

"काय कितीला?"

"मे. तारीख सांगा, भाभी. इन्शाल्ला नको. तारीख."

खाली कार्गोच्या गाडीचा हॉर्न वाजला. "यल्ला, आई, चल लवकर," आभा म्हणाली आणि टीव्हीची वायर काढायला वाकली.

"थांब गं," बिलकीस भाभी म्हणाल्या, आणि बोटांवर मोजू लागल्या.